ओलं दुपटं

लेकरू थंड पडलं होतं वो, पाय तर निरे बर्फ, अन् मी बसमध्ये नुसती ओरडत होती.

खाली परतवाड्याले आग ओतत होती, म्हणून मीच त्याच्यावर दुपटं ओलं करून टाकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात साऱ्याच बाया टाकतात. चिखलदऱ्याचा घाट चढता चढता माहा डोळा लागला, हवा गार झाली, अन् दुपटं तसंच राहिलं.

कॉफीच्या मळ्यापाशी चढलेली एक बाई शेजारी बसली होती. "दे वं माय, मले दे," म्हणाली. दुपटं फेकलं अन् त्याले उघडंच लुगड्याच्या आत छातीशी धरलं. खिडकीतून कॉफीच्या फुलांचा मोगऱ्यासारखा वास येत होता, अन् माहा सारा जीव त्या पदरात अडकलेला. मग पदर हलला. लेकरू चुटूचुटू दूध पीत होतं.

"तुमचं लेकरू कुठं हाय?" मी विचारलं.

"नाही राहिलं. पण दुधाले कोण सांगन?"

बाहेर झाडं पांढरीशुभ्र झालेली. मले वाटलं, त्यायलेबी कोण सांगते, यंदा फुलू नका म्हणून.

माहा थांबा आला. कंडक्टर म्हणे, "उतरा ताई, लवकर." लेकराचे पाय आता गरम लागत होते. मी हात पुढं केले. बाईनं डोळे मिटले होते.

"अजून जराकसं पिऊ दे वं," म्हणाली.

कंडक्टरनं घंटीची दोरी धरलेली. तुम्ही असत्या तर काय केलं असतं?