बाबा पान खायला लागले

माझे बाबा पनवेलच्या एका भातगिरणीत हमाल होते. विडी ओढायचे, पण पानाला कधी शिवले नाहीत. माझं लग्न ठरलं त्या वर्षी अचानक पान खायला लागले. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा. गिरणीतली माणसं चिडवायची, "काय रं, जासईचा जावय मिळाला आनि तोंडाला रंग चढला!" बाबा हसायचे. ते हसणं आठवलं की अजून माझ्या अंगाची लाहीलाही होते.

पानाची सवय आयने, माझ्या आईनेच, लावली होती. थुंकीतलं रक्त कुणाला दिसू नये म्हणून.

खोकला दिवाळीपासूनचा. गिरणीतल्या कोंड्याचा असेल म्हणून आम्ही सोडून दिला. खांदा दुखायचा, तो पोत्यांनी. सदरा अंगावर लोंबायला लागला, तर म्हणे पोरीच्या लग्नाची काळजी. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे कारण तयार! मग एक दिवस धुण्यात त्यांचा पंचा हाती आला, त्यावर रक्ताचे डाग. मीच तो आयला दाखवला. दोघींच्या मनात एकच आलं, क्षय.

"कुनाला बोलू नको," आय म्हणाली. "क्षयाच्या घरची पोर कोन करील? लगीन होऊ दे, मंग दाखवू डाक्टरला."

मी काय केलं? गप्प बसले. मुलगा गोदीत कायम नोकरीला होता, आणि मला आवडला होता. खोटं कशाला बोलू? पुढचे चार महिने रोज सकाळी बाबांच्या डब्याबरोबर पानांची पुडी मीच बांधली.

लग्न थाटात झालं. जळला मेला तो थाट! आठवड्याभराने आमच्या ह्यांनीच बाबांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. आय आणि मी बरोबर होतो. छातीचा फोटो काढला, एक्स-रेला तेव्हा आम्ही फोटोच म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, क्षय नाही, फुप्फुसाचा कॅन्सर आहे. हा कुणाला लागत नाही. पण आता फार पसरलाय. लवकर आणलं असतं तर कदाचित कापून काढता आला असता.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "रक्त कधीपासून पडतंय?"

आमचे हे तिथेच उभे होते. बाबांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठ दिस झाले," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मला खरं माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.