बिडी संपेपर्यंतची सोबत

पोलिसात उभी हयात गेलेल्या माणसाच्या डोक्यात चोऱ्यामाऱ्यांचा उकिरडा साचतो. माझ्याही साचलाय. त्यातल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या, कुठला चोर कुठल्या ठाण्याचा ते सांगता यायचं नाही. वेल्ह्याची एक घटना मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि गंमत म्हणजे तिच्यात गुन्हाच नव्हता.

मी तेव्हा वेल्हे ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली की निम्मे लोक समन्स बजावायला डोंगरात आणि उरलेले गडावर येणाऱ्या हौशी मंडळींच्या मागे. गुन्हे म्हणाल तर बांधाची भांडणं, एखादी दुचाकी गायब. अशा ठाण्यात एके सकाळी फोन आला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"पालीच्या वरल्या अंगाला, गडाच्या वाटंवर एक जन झोपडी करून ऱ्हातो. नशेच्या गोळ्या इकतो. माणसं येत्यात, त्याच्यापाशी बसत्यात, हा पिशवीतनं काडून कायतरी हातात देतो, आन् घटकाभरानं ती उठून जात्यात. तुमी बघा."

खबर देणाऱ्यांचं मी एक पाहिलंय. द्वेषानं बोलणारा भरभर बोलतो आणि गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा थांबत थांबत बोलत होता. शेवटी म्हणाला, "मारू नका पर त्याला," आणि फोन ठेवला. हे मला खटकलं.

त्या झोपडीतल्या माणसाची माहिती काढायला वेळ लागला नाही. पूर्वी तो दुधाचा टेम्पो चालवायचा. विंझरच्या अलीकडे टेम्पो उलटला, मणका दुखावला. दुखण्यासाठी कडक गोळ्या सुरू झाल्या आणि दुखणं राहिलं बाजूला, गोळ्यांचंच व्यसन लागलं. गोळ्यांवरून इंजेक्शनवर गेला. घरातली भांडीकुंडी, शेरडं, सगळं त्यापायी विकलं. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. शेवटी थोरल्या भावानं घराबाहेर काढलं. पुढे पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात उपचार सुरू झाले. तिथं जिभेखाली ठेवायची एक गोळी देतात, तिच्या आधारानं जुनं व्यसन सुटतं. पण ही गोळीसुद्धा अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. तो ती विकत असेल तर जामीनही सहजी मिळायचा नाही. आणि विकत नसेल, मी उगाच आत टाकला, तर उपचार तुटणार आणि गडी पुन्हा जुन्या वाटेला लागणार. म्हणजे एका सहीवर त्याचं होत्याचं नव्हतं व्हायचं. चुकीच्या माणसावर केस करणं मला कधीच आवडलं नाही, म्हणून मी घाई केली नाही.

आधी बनावट गिऱ्हाईक पाठवलं. आमचा एक जुना हवालदार होता. पोट सुटलेलं, गड चढणारा म्हणून कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. त्याला शेरडं खरेदी करणारा व्यापारी बनवून पाठवलं. दुपारी तो डोकं खाजवत परत आला.

"सायेब, गोळी मागितली तर म्हनला, ती माझ्यापुरती हाय, तुमच्या कामाची न्हाई. मंग त्यानं बिडी दिली. पैसं पुढं केलं, घेतलं न्हाई. बसा म्हनला."

"मग?"

"मग काय, बसलो. बिडी सपली, उठाया लागलो तर त्यानं दुसरी पुढं केली. शेरडाचं बोलत हुता. त्याला माझ्यापरास लई कळतं त्यातलं. मी आनखी जरा येळ बसलो आस्तो तर उघडा पडलो आस्तो."

हवालदाराला त्यानं ओळखलं असेल, अशी शंका होतीच. म्हणून दोन पंच आणि तहसीलचा एक अधिकारी घेऊन आम्ही झडतीला गेलो. असल्या झडतीचा कायदा कडक आहे. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घ्या म्हणायचा तुला हक्क आहे, हे त्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. मी ते सगळं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. तो झोपडीपुढच्या दगडावर कमरेला हात लावून वाकडा बसला होता. म्हणाला, "कुनासमोर बी घ्या. आधी बसा तरी."

दवाखान्याच्या गोळ्या निघाल्या, चिठ्ठीवर लिहिल्या होत्या तेवढ्याच. पण एका गोणीत बिड्यांची बंडलंच बंडलं. एकट्या माणसाला एवढ्या बिड्या कशाला? आत काही भरलंय की काय म्हणून आम्ही ती सोडून पाहिली. तंबाखूशिवाय काही नव्हतं. तरी चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत मी सहसा आधी गप्प बसायचो. समोरच्याला शांतता सोसत नाही आणि तो बोलायला लागतो. याला मात्र शांततेची सवय असावी. त्यानं फक्त बिडी ओढू का विचारलं. मी अंगणातल्या बाकावर बसवलं. झुरका घेतला तसा त्याचा चेहरा सैल झाला. बिडी विझली आणि थोड्याच वेळात हात पुन्हा कमरेवर गेला, ओठ आवळले गेले, दुसरी बिडी निघाली.

"वढली की कळ दबती," तो म्हणाला, "इझली की दुप्पट येती."

मी त्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्या पुष्कळ पेशंटचं हेच आहे साहेब. गोळ्यांचं व्यसन सुटतं, बिडी राहते. आणि बिडीनं दुखणं वाढतच जातं. याला सांगून दमलो. नुसता हसतो."

मी फोन ठेवला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "एवढं मोठं व्यसन सोडलंस आणि ही बोटभर बिडी सुटत नाही? कंबर तुझीच दुखतेय ना?"

तो हसला नाही. म्हणाला, "सायेब, बिडी सोडली तर माझ्यापाशी कोन बसंल?"

मला कळलं नाही. मग त्यानंच सांगितलं, "दवाखान्यातनं आलो तवा देवळाच्या पारावर जाऊन बसलो. मी बसलो तशी माणसं उठली. माझ्या हातचं पानी कुनी घेत न्हाई, मला च्या कुनी देत न्हाई. बिडीला मातर न्हाई म्हनत न्हाईत. आन् आमच्याकडं एकाच काडीवर दोघांनी पेटवली की सपल्याबगर उठत न्हाईत, तशी रीतच हाय. मी वढली न्हाई तर त्ये बी उठत्यात. दुखतं त्ये दुखू दे. दिसभर बोलायला मानूस नसलं की लई जड जातं."

ती रीत मलाही ठाऊक होती. गोळ्या विकतो म्हणून ज्याला धरून आणलं, तो माणसं बसवून घेत होता. मला त्याची कणव आली आणि राग आला. राग कुणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही.

आता खबर कुणी दिली ते पाहायचं होतं. झडतीच्या वेळी मी एक हेरून ठेवलं होतं. त्या दगडावर बसलेला माणूस वरच्या एकाच घराच्या दारातून दिसतो, आणि ते घर थोरल्या भावाचं. त्याला बोलावलं. तो ताठ मानेनं आला, पण फोनचं विचारताच कबूल झाला.

"व्हय, म्याच केला. पैल्यांदा गोळ्या लागल्या तवा बी माणसं अशीच बसायची, गोळ्यांची देवघेव करायची आन् जायची. वाटलं परत सुरू झालं. परत बघवलं नसतं मला."

मी त्याला बिड्यांचं सगळं सांगितलं.

"तुम्ही त्याला दारातून रोज पाहता?"

"रोज."

"मग खाली का नाही गेलात कधी?"

"जाऊन बोलायचं काय, सायेब?" तो म्हणाला.

धाकट्याचा जबाब घेतला, नोंद केली आणि त्याला सोडलं. दोघं भाऊ पुढं-मागं ठाण्याबाहेर पडले. मी चहाच्या निमित्तानं एसटी स्टँडवर गेलो, खरं तर बघायलाच. धाकटा बाकावर बसला होता, थोरला पाठ करून गाडीची वाट बघत उभा. बराच वेळ तसाच उभा होता. मग वळला आणि म्हणाला, "सरक."

धाकटा सरकला. थोरला बसला तसा याचा हात खिशात गेला, बंडल बाहेर आलं, एक बिडी पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," थोरला म्हणाला. "बसलोय न्हवं मी."

गाडी उशिरा आली. तोवर दोघं एक शब्द बोलले नाहीत, पण उठलंही कुणी नाही. थोरल्यानं त्याला घरात घेतलं नाही, संध्याकाळी मात्र तो खाली दगडावर जाऊन बसायला लागला. हवालदार सांगायचा, बिड्या निम्म्यावर आल्या आणि कंबरही थोडी हलकी झाली म्हणे. बिडी पुरती सुटली का, ते मला ठाऊक नाही.

कोण काय देतं आणि काय घेतं, एवढंच आम्हाला शोधायला शिकवलं होतं. माणूस कशाच्या बदल्यात काय मागतो, हे त्या केसनं मला दाखवलं. पण पटायला निवृत्ती यावी लागली. आता मी भोरला राहतो. बायको गेली, मुलगी तिच्या घरी सुखात आहे. अधूनमधून एखादा जुना शिपाई येतो, मी चहा टाकतो. मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी साखरेचा चहा बंद सांगितलाय. पण मी कप हातात घेतला नाही तर तोही घाईनं पिऊन उठतो. म्हणून घेतो, आणि सावकाश पितो.