टाकी उघडली तो शनिवार

जपानातल्या त्सुकुबा डोंगराच्या चढावर इंजिन तिसऱ्यांदा बंद पडले. शेजारी बसलेल्या समीरने मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिले. मी आरशात पाहिले. मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून हे लिहायला मी उरलो आहे. आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. थोडा वेळ थांबून किल्ली फिरवली, तर काहीच न घडल्यासारखी ती सुरू झाली.

"काका, हिला मूड आहे," समीर म्हणाला.

"गाडीला मूड नसतो. कारण असतं."

या प्रसंगाच्या दोन हकिगती आजही फिरत आहेत. एक समीर टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या मराठी कुटुंबांच्या गणपतीच्या जेवणात सांगतो: जोगळेकरकाकांनी आपला हेका चालवण्यासाठी एका दुःखी बापाचे काळीज फाडले. दुसरी आमच्या वर्कशॉपचे मालक सांगत: बिघाड सॉफ्टवेअरचा होता आणि तो सॉफ्टवेअरनेच दूर झाला. सांगणारे दोघेही माझे स्नेही. दोघेही चूक. गाडी चालवत होतो मी, बिघाड शोधला मी, आणि जे बोलले गेले ते मीच बोललो. तेव्हा माझी हकिगत आता लिहून ठेवणे भाग आहे.

पुण्यातल्या एका कंपनीत मी इंजिनांच्या चाचण्या करण्यात उमेदीची वर्षे घालवली. कंपनीने जपानला पाठवले, पुढे इथले ऑफिस बंद केले. मी परतलो नाही. त्सुकुबाच्या बाहेर, भातशेतांच्या कडेला ओका-सान यांचे वर्कशॉप होते. ते जुन्या अमेरिकन गाड्या नव्याने उभ्या करीत. जोगळेकर हे नाव त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून मी तिथे जोगा-सान झालो. समीर हा टोकियोतल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा तरुण. त्या वर्षांत आपल्याकडून अशा मुलांची रीघ लागली होती. नवी जलद रेल्वे पकडून तो दर शनिवारी आमच्याकडे येई. मोबदला घेत नसे. असल्या गाडीला हात लावायला मिळतो, एवढ्यावर तो खूष असे.

'असली गाडी' म्हणजे मसल कार. साध्या दोनदारी गाडीत अवाढव्य इंजिन घालून अमेरिकनांनी एके काळी ही जात निर्माण केली. ती सरळ रस्त्यावर सुसाट जाते, आणि वळणावर तिला देवाच्या हवाली करावे लागते. आमच्याकडे आलेली गाडी गडद हिरवी होती. मालक मोरिता-सान, निवृत्त शाळामास्तर. पण गाडी मूळची त्यांच्या मुलाची, केंजीची. केंजीने ती भंगारातून आणून स्वतःच्या हातांनी उभी केली. मग तो आजारी पडला आणि गेला. गाडी कित्येक वर्षे शेडमध्ये राहिली. इंजिनातले पाणी कुणी काढले नाही. हिवाळ्यात ते गोठले, फुगले आणि इंजिनाचा मुख्य ओतीव भाग तडकला.

म्हणून इंजिन स्वॅप. जुने धूड काढायचे, त्या जागी आधुनिक इंजिन बसवायचे. जुन्या इंजिनात कार्बोरेटर नावाचे भांडे पेट्रोल आणि हवा मिसळते. त्याला पेट्रोलचा बारीक प्रवाह पुरतो. नव्या इंजिनात हे काम ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. त्याला पेट्रोल सतत आणि मोठ्या दाबाने लागते. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, इंजिनाला देतो, उरलेले टाकीत परत सोडतो. टाकी अखंड घुसळली जाते. पुढचे सगळे या एका वाक्यावर आहे.

मोरिता-सानांची अट एकच होती. इंजिन बदला, पण केंजीने केलेल्या दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावू नका. त्याची वायरिंग, त्याचे सीट, त्याने अस्तर दिलेली पेट्रोलची टाकी. आपल्या बायकोला शेजारी बसवून ओआराईच्या समुद्रापर्यंत जाऊन यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. वय होत चालले होते. पुढच्या खेपेला लायसन्स मिळेलच याची त्यांना खात्री नव्हती. ओका-सानांनी कमरेत वाकून अट मान्य केली. मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे त्यांना माहीत होते.

चढावरून परतल्यावर समीरने नोंदी दाखवल्या. चढावर पेट्रोलचा दाब खाली येतो आणि इंजिन उपाशी मरते.

"मी ईसीयूतला पेट्रोलचा मॅप बदलतो काका. चढासाठी थोडं फ्युएल वाढवतो."

"पंपाला मिळतच नाही ते तू वाढवणार कुठून? तुझ्या लॅपटॉपला पेट्रोलचा वास येतो का रे?"

"नाही."

"मग टाकीत काय चाललंय ते त्याला कसं कळणार?"

मी पंपाआधीचा फिल्टर उघडला. आत करड्या रंगाच्या पापुद्र्यांचा चिखल होता. गंजलेली टाकी वाचवण्यासाठी आत रसायनाचे अस्तर ओततात. ते धातूला धरायचे असेल, तर टाकी आधी पूर्ण कोरडी असावी लागते, आणि अस्तर चढवल्यावर पुन्हा बरेच दिवस उबेत वाळावे लागते. इथे ते धरलेच नव्हते. घुसळणीने पापुद्रे सुटत होते आणि टाकीतल्या जाळीवर जाऊन बसत होते. इंजिन बंद पडले की ओढ थांबे, पापुद्रे गळून तळाशी जात, गाडी पुन्हा सुरू होई. मूड म्हणतात तो हा. फिल्टर नवा घातला. चढावर गाडी पुन्हा बंद पडली.

मी ओका-सानांना सांगितले, टाकी बदलावी लागेल.

ओका-सानांनी दातांतून हवा आत ओढली. जपानात काम केलेल्या प्रत्येकाला हा आवाज ठाऊक आहे. तो नकार असतो, पण तो तुम्हालाच ओळखावा लागतो. "थोडा विचार करू," ते म्हणाले. मोरिता-सानांचा फोन आला की ते अत्यंत नम्रपणे सांगत, ट्यूनिंग चालू आहे. आठवडे गेले. ट्यूनिंग चालूच राहिले.

मग समीरने तोडगा सुचवला. दाब घसरला की ईसीयूने इंजिनाची ताकदच कमी करायची. गाडी बंद पडणार नाही, नुसती रांगेल. ओका-सान खूष झाले. शाकेनला हे चालणार होते. शाकेन म्हणजे इथली सक्तीची वाहन तपासणी. तिच्यात ब्रेक, दिवे, धूर सगळे बारकाईने पाहतात, पण गाडी डोंगरावर नेत नाहीत.

"एक्सप्रेसवेवर मागे ट्रक असताना ही रांगायला लागली तर?" मी विचारले.

"मोरिता-सान हळूच चालवतात," ओका-सान म्हणाले.

"ट्रकवाले हळू चालवत नाहीत."

दोन दिवसांनी त्यांनी दुसरा प्रस्ताव मांडला. तशीच दिसणारी टाकी मिळवायची, जुनी वाटेल असा रंग द्यायचा, बसवायची, आणि सांगायचे काहीच नाही. समीरला हे फार पटले.

"काका, सगळेच खूष. तुम्हाला प्रॉब्लेम काय आहे?"

"मालकाच्या गाडीतली वस्तू त्याला न सांगता काढणं, याला मराठीत काय म्हणतात?"

"अहो, पण चांगल्यासाठी!"

"चांगल्यासाठी केली तरी चोरीच. आणि तो माणूस उद्या समुद्रावर बायकोला सांगणार, बघ, टाकी अजून केंजीचीच आहे. तेव्हा तू शेजारी उभा राहून मान डोलावशील?"

हिगाशी-कसाईतल्या हकिगतीत हा संवाद गाळलेला असतो.

पुढच्या शनिवारी मोरिता-सान नेहमीप्रमाणे सेनबेईचा डबा घेऊन आले. तांदळाची ही खारी बिस्किटे ते दर खेपेला आणत आणि आम्ही खाल्ल्याशिवाय गाडीविषयी अवाक्षर काढत नसत. ओका-सानांनी चहा मागवला आणि हवामानावर बोलायला सुरुवात केली. मी उभा राहिलो.

"मोरिता-सान, ट्यूनिंग चालू नाही. तुमची टाकी खराब आहे."

ओका-सानांनी चहाचा पेला खाली ठेवला. समीर बुटांकडे पाहू लागला. मी मोरिता-सानांना गाडीच्या मागे नेले. टाकी उतरवून घेतली, तिच्या तोंडातून दिवा आत सोडला आणि त्यांना पाहायला सांगितले. आत अस्तर ओल्या भिंतीच्या रंगासारखे सोलून लोंबत होते.

"हे असं का झालं?" त्यांनी विचारले.

"काम नीट झालेलं नाही. ज्यानं केलं त्यानं टाकी वाळवली नव्हती."

"वाळवली नव्हती?"

"नाही."

"किती वाळवायला हवी होती?"

मी सांगितले. थंडीच्या दिवसांत तर त्याहूनही जास्त, असेही सांगितले. त्यांनी पुन्हा टाकीत डोकावले.

"जानेवारी होता," ते म्हणाले. "केंजी इस्पितळात होता. टाकी गळत होती. काय करायचं ते तो फोनवरून सांगत होता. ओतलं मी."

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचा आवाज होता. ओका-सानांनी जाऊन तो बंद केला.

"तो रोज विचारायचा, बाबा, वाळलं का? घाई करू नका, म्हणायचा. एक दिवस मी सांगितलं, वाळलं. पेट्रोल भरलं, इंजिन चालू केलं आणि फोन बॉनेटजवळ धरला. त्यानं ऐकलं." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगता तितकं थांबलो असतो, तर त्यानं ऐकलं नसतं."

मी दिवा टाकीतून बाहेर काढला.

समीर सांगतो की मी त्यानंतरही बापाला वाळवण्याचे दिवस मोजून दाखवले. साफ खोटे. दिवस मी आधी सांगितले होते, तेही त्यांनी विचारले म्हणून. समीर असेही सांगतो की ते रडले. ते रडले नाहीत. त्यांनी रुमालाने बोटांचा गंज पुसला, रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग मला आणि ओका-सानांना वेगवेगळे वाकून नमस्कार केले.

"म्हणजे केंजीची चूक नव्हती," ते म्हणाले. "टाकी बदला. जुनी मी घेऊन जातो."

ते गेल्यावर ओका-सान माझ्याशी बोलले नाहीत. समीर बोलला.

"काय मिळालं काका?"

"दाब मिळेल."

"तुम्ही ना, खरंच..." त्याने लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि स्टेशनकडे निघाला. जाताना सायकल-स्टँडपाशी थांबून त्याने मागे पाहिले. मी टाकीचे माप घेत होतो.

नवी टाकी बसवली. मी गाडी एकट्याने चढावर नेली. माथ्यापर्यंत दाबाचा काटा हलला नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते. ओका-सानांच्या हकिगतीला एवढे उत्तर पुरे. पण वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सॉफ्टवेअरचीच गोष्ट सांगत. मोरितांचे नाव निघू नये आणि टाकीचे तर निघूच नये, म्हणून. हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. हकिगत चूक होती, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. वर्ष संपले तेव्हा माझा करार त्यांनी वाढवला खरा, पण गिऱ्हाईक आले की मला आतल्या खोलीतली कामे मिळू लागली.

शाकेनची मुदत संपत आल्यावर हिरवी गाडी पुन्हा आमच्या दारात आली. मराठी मंडळींत तोवर सर्वांना ठाऊक झाले होते की मोरितांनी ती कधी रस्त्यावर काढलीच नाही, ताडपत्रीखाली ती सडते आहे. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो आणि टायर पाहिले. घासलेले होते, चारही, सारखे. गाडी भरपूर आणि नीट चालवलेली होती. काचेच्या कडेला बारीक वाळू होती. मी वाकून इंजिनाचा आवाज ऐकला. निर्दोष होता.

मोरिता-सान दाराशी उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. मग ओका-सानांना बाजूला घेऊन ते हळू आवाजात काही बोलले. ओका-सान माझ्याकडे आले आणि दातांतून हवा आत ओढली.

"जोगा-सान, ही गाडी आज दुसऱ्या कुणी पाहिली तर..."

"समजलं," मी म्हणालो.

मी आत गेलो. तिथे दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. मी तो पुरा केला.

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आधी टाकी उघडावी, मग मालकाच्या अटी ऐकाव्यात. उलट क्रमाने केले तरी गाडी दुरुस्त होते, फक्त गिऱ्हाईक दुसरा मेकॅनिक मागते.