वाऱ्याचा डोळा

राजूरच्या आमच्या घरी आज कूलर बसवायचा होता. बाबांच्या खोलीला खिडकी एकच, पण ते तिथे कूलर लावूच देईनात. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तरी दिवसभर खिडकीशीच बसतात. मी वैतागलो.

तेवढ्यात मोबाइलवर काहीतरी वाचत लेक म्हणाली, "इंग्रजीतला 'विंडो' मुळात दोन जुन्या शब्दांचा आहे. वारा आणि डोळा. वाऱ्याचा डोळा."

बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बराबर हाय. मले त याच डोयानं दिसते. पाय, शेजारी कुरड्या वाळू घातल्या."

मी वाकून पाहिलं. शेजारच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरड्या पसरल्या होत्या. वाऱ्यावर ओल्या कुरड्यांचा आंबूस वास येत होता.

कूलर आता माझ्या खोलीत लावलाय. तुमच्या घरी वाऱ्याचा डोळा उघडा आहे ना?