हेडफोनमधली बादली

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. चिंचेवरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा... मजा येते, पण विश्वास? छे. आमच्या घरात तर हा विषयच नव्हता. बाबा वायरमन. कुणी अंगात आल्याचं सांगो, कुणी उतारा सुचवो, नाहीतर हातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या येवो, बाबा त्याला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "टेस्टर लावून दाखव, मंग मानतो." मी त्यांचीच मुलगी. तरी आज लिहायला बसले आहे, कारण आता पोटात ठेववत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत बसस्टँडच्या मागच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर ऐसपैस अंगण. मी आणि आई, दोघीच. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. मी ऑनलाइन गेमच्या मॅचेसची कॉमेंट्री करते — वऱ्हाडीत. "अबे मागं पाह्य, मागं! गेला रे बाप्पा गेला!" असलं काहीतरी. लोकांना आवडतं. या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीने त्यांच्या स्पर्धेसाठी मराठी कॉमेंटेटर घ्यायचं ठरवलं आणि माझं नाव यादीत आलं. काम घरूनच. जमलं तर मी घाटंजीत आईजवळ राहणार होते. नाही जमलं तर पुण्यात कॉल सेंटरची नोकरी ठरलेलीच होती. आई घर सोडून यायला तयार नव्हती. म्हणजे ती इथे एकटी, मी तिकडे एकटी. या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

आणि नेमका माझा माइक घरघरायला लागला.

साधीसुधी घरघर नाही. सतत घूंऽऽ... जणू डोक्यात कुणी पिठाची गिरणी सुरू केली आहे. कंपनीच्या बाईंनी सँपल ऐकून कळवलं, "आवाज छान आहे तुमचा, पण मागे ते काय चाललंय?" रविवारी दुपारी लाइव्ह ट्रायल, तीच शेवटची संधी.

मग मी काय काय केलं ते विचारू नका. माइकची केबल बदलली. यूएसबीचं पोर्ट बदललं. टेबलावरचा एलईडी दिवा काढला, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, मोबाईल लांब ठेवला. शेवटी कूलरसुद्धा बंद केला. यवतमाळच्या मे महिन्यात! आई म्हणाली, "काय व, कॉम्प्युटरसाठी जीव देतं का?" घामाने चिंब झाले, घरघर जिथल्या तिथे. एकदा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लागला तर बोटांना बारीक झिणझिण्या आल्या. तेव्हा मात्र मी शनिवारी सकाळी विलासभाऊंना बोलावलं. ते बाबांच्या हाताखाली काम शिकलेले.

त्यांनी होल्डरला बल्ब लावून बोर्डातलं अर्थिंग तपासलं. बल्ब काजव्याएवढा पेटला.

"ताई, मशीन ठीक आहे तुमची. घरालेच अर्थिंग नाही येऊन राह्यली. खड्डा सुकला असन. कोठी आहे खड्डा?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे.

"मले का माहीत व? त्याईनंच केलतं सारं."

मीठ-कोळसा भरून जमिनीत पाइप पुरतात, तोच अर्थिंगचा खड्डा. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं, नाहीतर माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. विलासभाऊंनी हे सांगितलं तशी आई कपाळाला हात लावून बसली. "रोज सांजच्याला बादली घेऊन अंगणात फिरत. मले वाटे झाडाईले पाणी टाकून राह्यले."

आता झाडंही नव्हती. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं नीट बसावीत म्हणून आम्ही अख्ख्या अंगणात फरशी बसवून घेतली होती. बाबांसाठीच केलं आणि बाबांचाच खड्डा बुजवला! विलासभाऊ म्हणाले, "नवीन खड्डा मारून देतो, पण सोमवारी. मी आता कळंबले लग्नात जाऊन राह्यलो."

दुपारी मी पुन्हा थोडं रेकॉर्डिंग केलं, एखाद्या सॉफ्टवेअरने घरघर पुसता येते का बघायला. हेडफोन लावून ऐकते तर घरघरीच्या खालून... बादलीची कडी वाजली. मग मातीत पाणी ओतल्याचा आवाज, सावकाश, भळभळ. पाणी पडत होतं तोवर घरघर कमी झाली. ते थांबलं, घरघर परत आली. आणि शेवटी कुणीतरी घसा खाकरला.

मी उठून अंगणात पाहिलं. ऊन भणाणत होतं. चिटपाखरू नव्हतं, नळही आला नव्हता. आई खाटेवर तूरडाळ निवडत बसली होती. काही न सांगता मी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिचे हात थांबले.

"हे तं तुह्ये बाबा हायेत व."

"आई, मागच्या घरचे असतील."

"त्याईच्याइथं पाइप आहे. बादली कोण उचलते? बादली खाली ठेवली का असाच खाकरे त्याईचा घसा."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीती नाही वाटली. खूप वाटलं की त्यांनी अजून थोडं खाकरावं.

मग मी जे केलं ते बाबांनी पाहिलं असतं तर हसून लोळले असते. लांब केबल जोडून माइक खिडकीतून अंगणात काढला, कानाला वायरलेस हेडफोन, आणि माइक पुढे धरून फरशीवर पाऊल पाऊल चालायला लागले. हुबेहूब पाणाड्या! फक्त हातात नारळ नव्हता. फाटकापाशी नुसती घरघर. मधोमध घरघर. कुंपणाच्या कोपऱ्याकडे वळले आणि पाणी ऐकू यायला लागलं. दोन पावलं पुढे, मोठ्याने. एका फरशीवर आले तेव्हा घरघर जवळजवळ गेली होती आणि पाणी जणू माझ्याच पायाशी ओतलं जात होतं.

"इथं," मी म्हणाले.

आईने घरातून लोखंडी सब्बल आणली आणि पदर खोचून पहिला घाव तिनेच घातला.

फरशीखाली सिमेंट, सिमेंटखाली पाइपचं तोंड. भोवतालची माती राखेसारखी कोरडी. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. आईने बादली आणली, ओतली, परत आणली. मी हेडफोन लावून उभी होते. माती पाणी पीत गेली तशी घरघर बारीक होत गेली... बारीक... आणि गेली. कानात इतकं शांत झालं की मला रडू फुटलं.

रविवारी मी कूलरवाल्या खोलीपासून दूर, बाबांच्या खोलीत बसून ट्रायल दिली. अशी बोलले की पुण्याच्या बाई मध्येच हसल्या. सोमवारी निवड झाल्याचा फोन आला. कॉल सेंटरला मी त्याच दिवशी नकार कळवला. आईने गल्लीभर पेढे वाटले, आणि गेम म्हणजे काय ते प्रत्येक घरी वेगवेगळं सांगितलं.

माणसाचा मेंदू घरघरीतही ओळखीचे आवाज शोधतो, हे मला माहीत आहे. कॉम्प्युटरपासून लांब गेल्यावर घरघर कमी होते, हेही. पण आम्ही दोघींनी एकच आवाज ऐकला, आणि एवढ्या अंगणातून फोडलेली पहिलीच फरशी बरोबर निघाली. याला टेस्टर कुठे लावू?

फोन आला त्याच संध्याकाळी आईने ते रेकॉर्डिंग पुन्हा मागितलं. मी लावून दिलं. नुसती घरघर होती... बादली नाही, पाणी नाही, खाकरणं नाही. मी मागे-पुढे केलं, आवाज वाढवला, मला घाबरल्यासारखं झालं. आईने मात्र डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं, मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"काम झालं ना," ती म्हणाली. "आता कायले थांबतीन ते?"