एसटीत धरलेला हात

वेल्ह्याच्या शाळेत मी नवीनच शिकवायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. पुण्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाकावर एक बाई नवऱ्याचा हात धरून बसली होती. सत्तर-बाहत्तरच्या सुमारास आमच्याकडे असं कोणी बसत नसे. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझंही सारखं लक्ष तिकडेच.

वरच्या धनगरवाड्यातली असावी, पन्नाशीची. दोन बोटं नवऱ्याच्या मनगटावर, आणि नजर कुठंच ठरत नव्हती. गाडी खड्ड्यात आदळली की बोटं चाचपडत पुन्हा जागा शोधायची. नसरापूरला बरेचजण चहाला उतरले; मागच्या बाया आणि मी बसून होतो. ही जागची हलली नाही.

"मावशी, बरं नाही का त्यांना?"

"काळीज थकलंय त्येंचं. पुन्याच्या डाक्टरनी छातीत पेटी बसवलीया, ती ठोकं देती. आता तिचा सेल उतरत आलाय म्हनं. बदलाया चाललोय."

"आणि वाटेत बंद पडली तर? तुम्ही काय करणार?" हे मी विचारायला नको होतं.

"म्या काय करनार, बाई? पन म्या बगत नसताना बंद नगं पडाया."

गाडी सुटली. डोळे मिटून बसलेला नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला, "लई जागलीस. वाईच डोळं मीट. म्या बगतो." त्यानं दुसऱ्या हाताची बोटं आपल्याच मनगटावर ठेवली.

तिनं डोळे मिटले, बोटं मात्र काढली नाहीत. मागचं हसणं केव्हाच थांबलं होतं. आणि मी, चांगली धडधाकट, पुण्यापर्यंत स्वतःचंच मनगट धरून बसले.