बोगद्यातले चार इंच

क्लेल लेस्टरला सगळे खडूस म्हणायचे, आणि तो होताही. आमच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरी लाइनीवर त्याने सदतीस वर्षं रूळ सांभाळले, त्यातली एकवीस मुकादम म्हणून. मी, डॉर्सी, त्याच्या हाताखाली. त्याने कधी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. शिव्या मात्र रोज.

त्याची एक रीत होती. दर दोन-तीन वर्षांनी यंत्र येऊन रुळांखाली खडी ठासायचं आणि रूळ थोडे वर उचलले जायचे. मग क्लेल चुन्याची बादली घेऊन बोगद्यात शिरायचा, रुळाच्या पातळीत भिंतीवर रेघ ओढायचा, बाजूला साल लिहायचा. सासऱ्याने शिकवलं होतं. चारही बोगद्यांत अशा रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या. कंपनीच्या कागदात ह्याचा पत्ता नव्हता.

मग एकावर एक कंटेनर रचलेल्या उंच गाड्या आणायचं ठरलं. त्यासाठी बोगद्यांची छतं कापायची होती. शहरातले मोजणीवाले उन्हाळ्यात मोजून गेले. ऑक्टोबरात खडीचं यंत्र आलं आणि चारही बोगद्यांत रूळ चार इंच वर गेले. हिवाळ्यात छतं कापली ती उन्हाळ्यातल्या आकड्यांवर.

क्लेल इंजिनिअर हॉलोवेकडे गेला. "साहेब, रूळ वर आलाय. अजून चार इंच कापा."

"लेस्टर, मोजणी लेझरने झालीय. चुन्याने नाही."

सगळे हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

पुढे 'रूळ नकाशाप्रमाणे आहेत' असा कागद आला, प्रत्येक बोगद्याचा वेगळा. "ह्याच्यावर सही हवी तर आधी माझे डोळे काढून न्या," म्हणत क्लेलने तो परत फेकला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. हॉलोवेने बरोबर तोच दिवस साधला.

"डॉर्सी, पुढचा मुकादम तूच. चार सह्या कर, बस."

मी जेवत होतो. एका हातात सॉसेजचा पाव, दुसऱ्या हाताने ट्रकच्या बॉनेटवर चार सह्या ठोकल्या. पाव खाली ठेवण्याएवढीही अक्कल सुचली नाही.

मे महिन्यात पहिली उंच गाडी पहिल्याच बोगद्यात घासली. वरच्या सात कंटेनरांची टपं सोलून निघाली. माणूस दगावला नाही, हे नशीब.

आता चूक कुणाची? साहेबांची कशी असेल! चौकशीत म्हणाले, लेस्टरने त्या एका बोगद्यात मनाने रूळ उचलले, बाकीचे तीन ठीक आहेत. ऑक्टोबरातल्या यंत्राच्या नोंदी सापडत नव्हत्या. छत कापताना भिंतींवर सिमेंटचा फवारा मारलेला, त्याखाली सगळ्या रेघा गडप. उरलो साक्षीला मी. चौकशी अधिकाऱ्याने क्लेलकडे बोट दाखवून मला विचारलं,

"ऑक्टोबरात ह्यांनी चारही बोगद्यांत नव्या रेघा ओढल्या, असं ते म्हणतात. तुम्ही होता?"

होतो. दिवा माझ्याच हातात होता. समोर हॉलोवे माझे चार कागद पुढ्यात घेऊन बसला होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

क्लेल माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. जेवणाची सुट्टी झाली तसा तो उठून बाहेर गेला. मी मागे धावलो. तो गाडीचं दार उघडत होता.

"क्लेल, घरी दोन पोरी आहेत रे."

"गप. तुझं थोबाड फोडावंसं वाटतंय, पण ऐक आधी. माझी नोकरी गेली खड्ड्यात. सोमवारी पहिल्यातले रूळ खाली घेऊन गाडी सोडतायत. तिसऱ्याच्या छताला तडे आहेत, तुला ठाऊक आहे. कंटेनरने ते छत ओढलं, तर मागून ढकलणारं इंजिन कुठे असेल?"

"बोगद्यात."

"आणि त्यात दोन माणसं. त्यांच्या पोरींना काय सांगशील? आठवत नाही?"

त्याने दार आपटलं आणि निघून गेला.

मी परत वर चौकशीच्या खोलीत गेलो. हॉलोवे सँडविच खात होता. साक्षी लिहून घेणारा कारकून म्हणाला, नोंद पूर्ण झालीय, आता बदलता येणार नाही.

"मग नवी लिही," मी म्हणालो. "सह्या माझ्या आहेत आणि मी न बघता केल्यात. रेघा होत्या, चारही बोगद्यांत. जा, सिमेंट फोडून बघा."

शनिवारी फोडलं. होत्या. सोमवारची गाडी थांबली आणि छतं पुन्हा कापली, चार इंचच. खोट्या सह्यांसाठी मला काढलं, आणि साहेबांशी उर्मट बोलला म्हणून क्लेललाही घरी बसवलं. हॉलोवेची बढतीवर बदली झाली. हरामखोर आता दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरात मोजत असेल.

दुकानात, चर्चमध्ये क्लेल दिसतो. मी टोपी काढतो, तो तोंड फिरवतो. बायको म्हणते, तू खरं सांगितलंस, आता त्याने मोठ्या मनाने घ्यावं. का घ्यावं? सदतीस वर्षं खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं पाडायला मला दोन शब्द पुरले होते.